उरलेल्या सहा गोळ्या

मंडळी, आज आम्ही हिवतापाविषयी बोलणार आहोत. कोणी त्याला थंडीताप म्हणतात, कोणी मलेरिया म्हणतात. डास चावतो, हुडहुडी भरते, ताप चढतो, मग घाम सुटतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ते पुन्हा सांगण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. आज बोलायचे आहे ते औषधाविषयी. पूर्वी जे औषध हमखास गुण देत असे, ते आता काही ठिकाणी गुण का देत नाही?

हा प्रश्न आम्ही सभेत विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. लोक म्हणतात, "त्या गोळीची अंगाला सवय होऊन गेली, म्हणून ती आता लागत नाही." ऐकायला हे पटण्यासारखे आहे. तंबाखूची सवय होते, चहाची होते, तशी गोळीचीही होत असेल. पण हे खरे नाही. औषधाला सरावतो तो माणूस नव्हे. सरावतो तो माणसाच्या रक्तातला जंतू.

कोणी म्हणेल, "दोन्ही एकच की!" नाही हो, एकच नाही. माणूस सरावला असता तर त्याचे एकट्याचे नुकसान झाले असते. पण जंतू सरावला, की तो डासाच्या पोटातून शेजारच्या घरी जातो. तिथे एखादे दोन वर्षांचे पोर असते. त्या पोराने जन्मात कधी हिवतापाची गोळी गिळलेली नसते. तरीसुद्धा त्याला औषध लागू पडत नाही. कारण त्याच्या रक्तात शिरलेला जंतू आधीच सरावून आलेला असतो.

हा जंतू म्हणजे रक्तातले बांडगूळ समजा. तो इतका बारीक असतो, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८८० साली आल्जेरिया देशात लाव्हरां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तो रोग्याच्या रक्तात प्रथम पाहिला. तो अंगात येतो कसा, याचा धागा १८९७ साली आपल्याच देशात सापडला. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हा जंतू वाढताना दिसला.

आता एका आजारी माणसाच्या अंगात हे जंतू किती असतील? करा अंदाज. शंभर? हजार? ताप भरलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात शंभर कोटी, आणि कधी त्याहूनही जास्त जंतू असू शकतात. हा शंभर कोटींचा आकडा ध्यानात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

या जंतूवरचे जुने औषध म्हणजे कोयनेल. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीपासून ते निघते. कडू जहर! आपल्याकडे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे इंग्रजांनी या झाडांचे मळे केले होते. त्यानंतर क्लोरोक्वीनची गोळी आली. १९३४ साली जर्मनीत ती प्रथम तयार झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर गेली. स्वस्त, सोपी आणि गुणाची.

ही गोळी जंतूला मारते कशी, ते ऐकण्यासारखे आहे. जंतू आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्यातले तांबडे द्रव्य खातो. खाऊन झाले, की जे खरकटे उरते ते त्याला स्वतःलाच विषारी असते. म्हणून तो त्याचे घट्ट खडे करून बाजूला ठेवून देतो. क्लोरोक्वीन हेच होऊ देत नाही. खडे बनत नाहीत, विष मोकळे राहते, आणि जंतू आपल्याच खरकट्याने मरतो.

पण कोट्यवधी जंतूंत फार क्वचित एखादा जन्मतःच वेगळा निघतो. त्याच्या पोटाच्या पडद्याला जणू एक झडप असते. तिच्यातून तो औषध बाहेर लोटून देतो. त्याला कोणी शिकवलेले नसते. तो तसाच निपजलेला असतो. एरवी तो गर्दीत कुठल्या कुठे हरवून जाईल. पण आपण औषध घेतले, तेही अपुरे घेतले, की साधे जंतू मरतात आणि हा उरतो. मग सगळे रान त्यालाच मोकळे!

शेतकरी मंडळींना हे वेगळे समजवायला नको. आपल्या विदर्भात आणि मराठवाड्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे काय केले, ते सर्वांनी पाहिले. ज्या बीटी कपाशीने अळी मरायची, तीच कपाशी अळीने पोखरली. अळीला काही अक्कल आली नव्हती. मरणाऱ्या अळ्या मरून गेल्या होत्या, आणि न मरणाऱ्यांची पोरे-नातवंडे शेतात फिरत होती. रक्तातही तेच होते.

आता आपल्या देशाची हकीकत सांगतो. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्याकडे दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप येत असे, आणि त्यातले सुमारे आठ लाख दगावत. १९५३ साली सरकारने हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम काढली. घरोघर डीडीटी फवारले. १९६५ च्या सुमारास रोगी उरले एक लाखाच्या आसपास. लोकांना वाटले, संपला हिवताप. पण तो संपला नव्हता. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, कामातही ढिलाई आली, आणि १९७६ साली रोग्यांचा आकडा ६४ लाखांवर गेला.

याच काळात दुसरी वाईट बातमी आली होती. १९७३ साली आसामात, आजच्या कार्बी आंगलाँग भागात, क्लोरोक्वीनने न मरणारा जंतू सापडला. तो होता फाल्सिपेरम जातीचा. हिवतापाच्या जंतूंच्या ज्या जाती आपल्याकडे आढळतात, त्यांत ही सर्वांत घातकी. हिचा ताप डोक्यात जातो आणि माणूस बेशुद्ध होतो. आसामातून पुढे देशाच्या इतर भागांतही, मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही, असे जंतू दिसू लागले.

हे जंतू पहिल्यांदा दिसले कुठे? त्यासाठी आसामच्याही पलीकडे, थेट कंबोडिया आणि थायलंड यांच्या सीमेवर जावे लागेल. तिथे पाइलिन नावाचा जंगलाचा मुलूख आहे. जमिनीत रत्ने सापडतात, म्हणून लांबलांबचे मजूर तिथे खणायला येत आणि परत जात. १९६० च्या सुमारास तिथे एक प्रयोग झाला. गोळ्या घ्यायला लोक कंटाळतात ना? मग स्वयंपाकाच्या मिठातच औषध घाला! कल्पना मोठी छान वाटली. पण मीठ काय सगळे सारखे खातात? गडीमाणूस जास्त खातो, पोर चिमूटभर खाते. रोज थोडे थोडे औषध रक्तात फिरत राहिले. जंतू मरावा इतके नाही, पण साधे जंतू निवडून बाजूला काढावेत इतके. क्लोरोक्वीनला दाद न देणारे जंतू जगात पहिल्यांदा ज्या मुलुखांत दिसले, त्यांत हा एक. त्यात या मिठाचा हात होता, असे अनेक जाणकारांचे मत आहे. तिथल्याच बाजूचा वाण पुढे आफ्रिकेत पोहोचला. १९७८ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत दिसला आणि बघता बघता सगळ्या खंडात पसरला. तिथे फार मुले गेली.

ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली. जंतू सरावले, की सगळा दोष अडाणी रोग्यावर टाकायची शिकल्यासवरल्या लोकांना खोड आहे. पण मिठात औषध घालणारे काही अडाणी नव्हते. आपल्याकडेही पाहा. मोठ्या माणसाला क्लोरोक्वीनचा पुरा डोस तीन दिवसांत मिळून १० गोळ्यांचा. पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. पण कितीएक वर्षे आपल्या कार्यक्रमात तापाच्या रोग्याला रक्त तपासण्याआधी ४ गोळ्या देऊन ठेवायची रीत होती. रक्ताची काच तालुक्याला जायची, तिचा निकाल यायला दिवस लागायचे. तोवर ताप उतरलेला, माणूस कामावर गेलेला. बाकीच्या सहा गोळ्या कोण कोणाला शोधत फिरणार? पुढे जागच्या जागी रक्त तपासायची सोय झाली, तेव्हा ही रीत सोडून दिली.

पण घराघरांतल्या सहा गोळ्या अजून आहेत. आम्ही पाहिल्या आहेत. डाळीच्या डब्यात, देवाच्या कोनाड्यात, पदराच्या गाठीत. पहिल्या दिवशी चार घेतल्या, ताप उतरला, तोंड कडू झाले, मळमळले. मग घरातले वडीलधारे माणूस म्हणते, "आता कशाला उगाच? राहू देत. पुढं कुणाला ताप आला तर कामी येतील." ही आळशी माणसाची भाषा नाही. ही काटकसरी माणसाची भाषा आहे. ज्याने उपास काढले आहेत तो भाकरीचा तुकडासुद्धा उद्यासाठी ठेवतो, मग गोळी का टाकील?

म्हणून हिशेबच करून दाखवतो. आता ते शंभर कोटी आठवा. हल्लीचे जे सर्वांत जोरकस औषध आहे, त्याचे नाव आर्टेमिसिनिन. त्याची हकीकत पुढे येईलच. फाल्सिपेरम जंतूची एक पिढी सुमारे दोन दिवसांची असते. या औषधाने एका पिढीत दर दहा हजार जंतूंतला सुमारे एकच वाचतो. म्हणजे शंभर कोटींचे उरले एक लाख. ताप तर केव्हाच उतरला. अंग हलके झाले, भूक लागली. पण रक्तात एक लाख जंतू बसलेले आहेत! औषध चालू ठेवले, तर पुढच्या पिढीत लाखाचे उरतात दहा. औषध थांबवले, आणि आवर घालणारे दुसरे काही नसले, तर ते दर दोन दिवसांनी सुमारे दहापट होतात. एक लाखाचे दहा लाख, दहा लाखांचे एक कोटी. आठ-दहा दिवसांत पुन्हा शंभर कोटी! आणि ही नवी फौज कोणापासून वाढली? जे औषधाच्या पहिल्या तडाख्यातून वाचले त्यांच्यापासून.

आता आर्टेमिसिनिनची हकीकत. क्लोरोक्वीन लुळे पडू लागले तेव्हा चीन देशात नव्या औषधाचा शोध चालू झाला. ते काम १९६७ साली सुरू झाले. त्यात थू यूयू नावाच्या बाई होत्या. त्यांनी वैद्यकाच्या जुन्या पोथ्या धुंडाळल्या. एका सोळाशे वर्षांपूर्वीच्या पोथीत तापावर एका दवण्यासारख्या वनस्पतीचा उपाय होता. पाला पाण्यात भिजवावा, पिळावा आणि तो रस प्यावा. त्यात उकळायला सांगितले नव्हते. बाईंच्या ध्यानात आले, की कढवल्याने गुण जात असेल. मग त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि १९७१ साली तो उंदीर-माकडांच्या हिवतापावर लागू पडला. पुढे माणसांवरही पडला. २०१५ साली या कामासाठी बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध झपाट्याने काम करते, पण अंगात काही तासच टिकते. एकटे दिले तर थोडे जंतू मागे राहतात. म्हणून त्याच्या जोडीला अंगात बरेच दिवस रेंगाळणारे दुसरे औषध देतात. पहिले धडाक्याने झोडपते, दुसरे मागे उरलेले वेचते. आम्ही हिला जोडगोळी म्हणतो, आणि खरोखर ती जोडगोळीच आहे. दोघांचा मारण्याचा मार्ग वेगळा. एका कुलपाची किल्ली असलेला चोर कधीमधी सापडेल. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच चोराकडे असणे फार कठीण.

म्हणूनच एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना सांगितले. २००७ साली तसा ठरावही झाला. आपल्या सरकारनेही अशा सुट्या गोळ्यांवर बंदी घातली. २०१० साली फाल्सिपेरम हिवतापाच्या सर्व रोग्यांना देशभर जोडगोळी द्यायचे ठरले. तरीही २०१३ साली ईशान्येकडच्या राज्यांत तिच्यातले दुसरे औषध बदलावे लागले, कारण तिथले जंतू त्याला सरावले होते. आणि पहिले औषध? त्यालाही थोडी दाद न देणारे जंतू कंबोडियात दिसले. २००८ च्या सुमारासची ही गोष्ट. कुठे, म्हणाल तर त्याच पाइलिनच्या मुलुखात! त्यानंतर आफ्रिकेत रवांडा, युगांडा, इरिट्रिया या देशांतही ते दिसले आहेत. आपल्याकडे जोडगोळी अजून चांगली लागू पडते. 

आता घरात ठेवलेल्या त्या सहा गोळ्यांचे काय होते ते सांगतो. पाऊस लागतो. नातवाला ताप भरतो. आजी म्हणते, "दवाखाना लांब आहे, आपल्या डब्यात गोळ्या आहेत." आणि ती क्लोरोक्वीन देते. पण या वेळचा ताप असतो फाल्सिपेरमचा, आणि त्याला ती गोळी आता पुरत नाही. ताप जरासा कमी होतो, घरच्यांना धीर येतो. असे दोन दिवस जातात. मग पोराला झटके येतात, शुद्ध हरपते. मग कोणी म्हणते वारे लागले, कोणी भगताकडे धावते. हिवतापात हे दोन दिवस म्हणजे सगळे काही. आजीच्या मायेत काही कमी नव्हते. गोळी चुकीची होती, आणि रक्त तपासलेले नव्हते.

आशाताईंकडे हल्ली एक लहानशी पट्टी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब तिच्यावर टाकतात. वीस मिनिटांच्या आत कळते, हिवताप आहे का आणि कोणत्या जातीचा. पैसे पडत नाहीत. तरी माणसे तासभर चालून जातात आणि सुई टोचून घेऊन पैसे मोजतात. सुईत काय होते, हे विचारतसुद्धा नाहीत.

जातीचा विचार का करायचा? तर दुसरी एक जात आहे, व्हायवॅक्स नावाची. ही सहसा जिवावर उठत नाही, पण चिवट फार. क्लोरोक्वीन हिच्यावर आपल्याकडे अजून चालते. पण हिचे काही जंतू काळजात, म्हणजे यकृतात, झोपून राहतात. रक्तातले मेले तरी हे निजलेले जागे होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजते. लोक म्हणतात, "औषध लागू पडलं नाही." इथे औषधाचा दोष नाही. निजलेल्यांसाठी वेगळी गोळी असते, प्रायमाक्वीन, आणि ती १४ दिवस रोज घ्यायची असते. बरे वाटत असताना चौदा दिवस गोळी घेणे किती जिवावर येते, ते आम्ही जाणतो. भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढा. हा उपाय एका बाईनेच आम्हांला सांगितला, आणि आम्हांला तो फार आवडला.

औषध विश्रांती घेऊन पुन्हा कामाला येऊ शकते, हेही एकदा दिसून आले आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९३ साली क्लोरोक्वीन द्यायचे थांबवले. औषध नाहीसे झाले, तशी सरावलेल्या जंतूंची चलतीही संपली, आणि साधे जंतू परतले. २००५ साली तिथे पाहणीसाठी ८० मुलांना ती गोळी पुन्हा दिली. ७९ बरी झाली. पण सगळ्या गावांनी, सगळ्या दुकानांनी एकदम ते औषध थांबवल्यावर ही किमया झाली, आणि त्याला बारा वर्षे लागली.

आता थोड्या बारीकसारीक गोष्टी. उपाशीपोटी गोळी घेऊ नका. अर्धी भाकरी तरी खा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर ती पोटात राहिली नाही असे समजा आणि तेवढाच डोस पुन्हा मागून घ्या. मुलाचे पाकीट मोठ्याने घेऊ नये, मोठ्याचे मोडून मुलाला देऊ नये. एक पाकीट दोन भावांत वाटले, तर दोघांचाही डोस अपुरा राहतो. पोटुशी बाई असेल तर तिने आधी तसे सांगावे, तिचे औषध वेगळे असते. प्रायमाक्वीन तिला चालत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळालाही चालत नाही. ही गोळी चालू असताना कोणाची लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काहींच्या रक्ताला ती सोसत नाही. तीन दिवसांचे औषध पुरे करूनही ताप राहिला किंवा परतला, तर घरी बसू नका. रक्त पुन्हा तपासून घ्या. औषध हरले आहे की काय, हे सरकारी दवाखान्याला तुमच्याकडूनच कळायचे असते.

इथे टेबलावर पाकिटे मांडली आहेत. पुढे येऊन हातात घेऊन पाहा. पाठीमागची अक्षरे आता तुम्हांला वाचता येतात, तेव्हा किती दिवस आणि किती गोळ्या, ते स्वतः वाचा. ज्यांच्या घरी डब्यात, कोनाड्यात जुन्या गोळ्या असतील, त्यांनी उद्या सकाळी त्या आशाताईंना आणून द्याव्यात. कोणी रागावणार नाही.